ऋण की दान? बेघर मुलांचे शिक्षण आणि सार्वजनिक पैसा

ज्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे किंवा असायला हवे, पण रात्री पाठ टेकायला ज्याला स्वतःची म्हणावी अशी जागा नाही, तो बेघर विद्यार्थी. जनगणनेच्या व्याख्येनुसार जी कुटुंबे घर म्हणून गणलेल्या वास्तूत न राहता उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या आवारात किंवा मंडपात राहतात, ती बेघर. झोपडपट्टीतली माणसे या गणतीत येत नाहीत. झोपडी कितीही मोडकी असली तरी तिला दार असते, आणि बहुधा क्रमांकही असतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघरांची नोंद झाली.

यांतील मुलांच्या शिक्षणावर सरकारी तिजोरीतून वेगळा खर्च करावा का, हा प्रश्न वरवर अंदाजपत्रकाचा दिसतो. पण त्याच्या तळाशी धर्मविचारातला एक जुना भेद आहे. हा खर्च दान आहे की ऋणफेड? दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि घेणाऱ्याची पात्रता तपासते. ऋणात मर्जीला जागा नसते, आणि आपले येणे वसूल करण्यासाठी धनकोला स्वतःची लायकी सिद्ध करावी लागत नाही. या प्रश्नाचे उत्तर जसे द्यावे, तसा शाळेच्या प्रवेशाचा अर्जसुद्धा बदलतो.

जोगेश्वरीतील स्थिती

बृहन्मुंबईची हद्द १९५० साली पश्चिम रेल्वेच्या मार्गावर जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या मार्गावर भांडुपपर्यंत वाढवण्यात आली. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे मधली सात वर्षे जोगेश्वरी हे या बाजूला शहराचे शेवटचे टोक होते. हद्दीबरोबर प्राथमिक शाळा चालवण्याची पालिकेची जबाबदारीही इथवर आली. आज रेल्वेच्या पूर्वेचा भाग के-पूर्व आणि पश्चिमेचा भाग के-पश्चिम विभागात मोडतो. पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता यांमुळे हा परिसर वाहतुकीचा मोठा सांधा बनला आहे. असा सांधा जिथे असतो तिथे सिग्नलवर गजरे, खेळणी, गाडी पुसायची फडकी विकणारी आणि सकाळी नाक्यावर मजुरीची वाट पाहणारी कुटुंबे येतात. पश्चिम उपनगरांतले पूल आणि पदपथ हाच त्यांचा मुक्काम असतो.

पालिकेच्या शाळा फी घेत नाहीत. त्या मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवतात. दुपारचे जेवण मिळते, आणि गणवेशापासून छत्रीपर्यंत सत्तावीस शालोपयोगी वस्तूही मोफत मिळतात. ही यंत्रणा मोठी आहे, पण तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे घर. मोफत दप्तर ठेवायला कोपरा लागतो. गणवेश धुवायला पाणी आणि वाळत घालायला दोरी लागते. पावसात वही कोरडी राहायला छप्पर लागते. पदपथ मोकळा करण्याची कारवाई झाली की कुटुंबाला बोचके उचलून पुढच्या पुलाखाली जावे लागते, आणि मुलाची शाळा मागे राहते. सकाळ-संध्याकाळची गर्दी ही सिग्नलवरच्या विक्रीची वेळ, त्यामुळे शाळेची घंटा आणि घरची कमाई एकमेकांच्या आड येतात. फी माफ केल्याने यांतली एकही अडचण सुटत नाही.

अनिकेत आणि बेघर

भारतीय धर्मपरंपरांनी घर नसणे ही लाजिरवाणी गोष्ट मानली नाही, उलट तिचा गौरव केला. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत ‘अनिकेत’, म्हणजे ठरलेले घर नसलेला, हे एक लक्षण आहे. संन्यासी एका गावी फार दिवस राहत नाही. बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे वर्षावासाचे दिवस सोडले तर फिरता असतो. मात्र या अनिकेतांच्या मागे समाज उभा होता. जोगेश्वरीपासून फार लांब नसलेल्या महाकाली आणि कान्हेरी येथील लेण्यांत भिक्खूंसाठी डोंगरात खोल्या, बाके आणि पाण्याच्या पोढी खोदलेल्या आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांची नावे आढळतात. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात तर हिशेबच कोरलेला आहे. तीन हजार कार्षापणांची रक्कम विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवली, आणि त्या व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि इतर किरकोळ खर्च चालवला. मूळ रकमेला हात न लावता व्याज वापरण्याच्या या पद्धतीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. घर सोडलेल्या माणसाचे शिक्षण आणि साधना चालावी म्हणून कायमचा निधी उभा करायचा, ही कल्पना या भूमीला सुमारे दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

खुद्द जोगेश्वरीचे सहाव्या शतकातील शैव लेणे असेच डोंगराच्या पोटात आहे. शहर वाढत गेले तसे त्याच्या माथ्यावर आणि अवतीभवती घरे दाटली. त्याच परिसरात पुलाखाली झोपणाऱ्या मुलाला मात्र कोणी अनिकेत म्हणत नाही. निवड केलेल्याचे घर सोडणे हा त्याग ठरतो, आणि न निवडलेल्याचे घर नसणे हा गुन्ह्याचा संशय ठरतो. भाषेनेही हा भेद टिपला आहे. एकाच धातूतून दोन शब्द आले. साधू मागतो ती भिक्षा, आणि पोर मागते ती भीक. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणे हेसुद्धा विशिष्ट स्थितीत भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले.

दानाची परंपरा आणि तिची मर्यादा

शिकणाऱ्याला पोसणे हे महाराष्ट्रात पुण्याचे काम मानले गेले. गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरत असे. झोपायला देवळाची ओसरी किंवा एखाद्या वाड्याचा सोपा असे. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा आरंभही माधुकरीच्या आधारावर झाला. आजच्या व्याख्येने मोजले तर यांतले कितीतरी विद्यार्थी बेघर ठरतील. त्या काळी त्यांना कोणी तसे म्हटले नाही, कारण समाजाने त्यांच्यासाठी घर सात घरांत वाटून ठेवले होते.

या व्यवस्थेची मर्यादा तिच्या तत्त्वातच होती. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगताना परतफेडीची अपेक्षा नसावी असे म्हटले आहे, आणि देश, काल व पात्र पाहून द्यावे असेही म्हटले आहे. पहिली अट उदार आहे. व्यवहारात मात्र ‘पात्र’ या शब्दाने दार अडवले. वार मिळत तो बहुतेक ब्राह्मण मुलांना. गावकुसाबाहेरच्या मुलाला ओसरीही नव्हती आणि ताटही नव्हते. पेशवाईत श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचेही तेच होते. विद्येला उत्तेजन म्हणून तिजोरीतला मोठा पैसा एका वर्णाच्या हाती जाई. इंग्रजी अमलात त्या दक्षिणेचे रूप बदलले. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेसाठी तिचा एक भाग वापरला गेला, आणि १८४९ च्या सुमारास सुधारकांनी उरलेल्या पैशातून मराठी ग्रंथरचनेला बक्षिसे द्यावीत अशी मागणी केली. धार्मिक दानाचा निधी सार्वजनिक शिक्षणाकडे वळण्याचे हे महाराष्ट्रातले एक जुने उदाहरण आहे. धर्मशाळेच्या बाबतीतही असेच घडले. स्वतः आयुष्यभर घर न बांधलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. वाटसरूंच्या निवाऱ्यासाठी बांधलेली वास्तू शिक्षणसंस्थेच्या हाती गेली.

जोगेश्वरीतही दानातून उभे राहून शासनाकडे गेलेले एक ठिकाण आहे. सर महंमद युसुफ यांनी १९१४ साली दिलेल्या आठ लाख रुपयांच्या देणगीतून येथील इस्माईल युसुफ महाविद्यालय उभे राहिले. ते १९३० साली सुरू झाले आणि आजही सरकारी महाविद्यालय आहे. देणगी एकदा दिली गेली, पण महाविद्यालय चालवण्याचा खर्च दरवर्षी येतो. तो उचलण्यासाठी दात्याच्या औदार्यापेक्षा टिकाऊ असे काही मागे असावे लागते.

दोन ऋणे

असा टिकाऊ आधार ऋणाच्या कल्पनेत सापडतो. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले आहे. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे ऋण घातले, ते मनुष्यांचे. आणि ते फेडण्याचा मार्ग सांगितला तो माणसांना आसरा देणे आणि अन्न देणे. ऋषिऋण ज्ञानाचे आहे. ते ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत करता येत नाही, पुढच्या पिढीला देऊनच फेडावे लागते. मनुष्यऋण निवाऱ्याचे आहे. ही दोन्ही ऋणे एकाच वेळी जिला देय होतात अशी एक व्यक्ती आहे, बेघर विद्यार्थी. त्याला नुसती शाळा दिली तर एक ऋण उरते, नुसते छप्पर दिले तर दुसरे.

जुन्या शब्दसंग्रहात ही दोन ऋणे वेगळी नव्हतीच. शिष्याला ‘अंतेवासी’ म्हणत, म्हणजे गुरूजवळ राहणारा. शिकायला घेतले म्हणजे राहायला घेतले, असा त्याचा अर्थ. त्या भाषेत ‘बेघर विद्यार्थी’ हा शब्दप्रयोगच विसंगत ठरला असता. दिवसा भरणारी आणि संध्याकाळी घरी पाठवणारी शाळा आली, तेव्हा शिकणे आणि राहणे यांची फारकत झाली, आणि ज्याला ‘घरी’ पाठवताच येत नाही तो विद्यार्थी निर्माण झाला.

प्रवेशाच्या कागदपत्रांचा प्रश्नही तितकाच जुना आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची आई जबाला अनेक ठिकाणी सेवा करून राहिलेली, त्यामुळे मुलाचे गोत्र तिला सांगता येत नाही. गौतम हारिद्रुमत यांनी गोत्र विचारले तेव्हा सत्यकाम आईने सांगितले तेच जसेच्या तसे सांगतो. गोत्र हा त्या काळचा दाखला होता. गुरू त्याच्या खरे बोलण्यावर विश्वास ठेवून त्याला ठेवून घेतात आणि चारशे अशक्त गाई त्याच्यावर सोपवतात. ही कथा उदार प्रवेशाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. तरी तिथे पात्रतेची अट गळून पडलेली नाही. खरे बोलण्यावरूनच त्याचे ब्राह्मणत्व ठरवले जाते. कसोटी जन्मावरून गुणावर सरकते एवढेच. जो मुलगा भेदरून खोटे बोलला असता, त्याचे काय, याचे उत्तर कथेत नाही.

इस्लामी परंपरेत हाच विचार हक्काच्या भाषेत आला आहे. श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला वाटा असतो असे कुराणात सांगितले आहे, आणि जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांसाठी खर्चायची त्यांत वाटेवरचा प्रवासीही येतो. जकात देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचे जे आहे ते वेगळे काढून ठेवतो. जोगेश्वरीसारख्या मिश्र वस्तीच्या उपनगरात हे दोन विचार शेजारी नांदतात, आणि दोघांचा रोख एकच आहे. काही पैसा आपल्या हातात असला तरी आपला नसतो.

राजधर्मापासून संविधानापर्यंत

हे ऋण वैयक्तिक राहिले तर त्याची वसुली कोण करणार? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाल, वृद्ध, आजारी, संकटग्रस्त आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे सांगितले आहे. धर्मसूत्रांत उत्पन्नाचा सहावा भाग हे राजाचे वेतन मानले आहे. कर हे वेतन असेल, तर दुर्बलाचे पोषण ही त्या वेतनाबद्दलची चाकरी ठरते.

आधुनिक काळात हा मुद्दा सर्वांत रोखठोकपणे जोतीराव फुले यांनी मांडला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी त्यातून आली. हा युक्तिवाद दानाचा नव्हे, हिशेबाचा आहे. पुलाखाली राहणारे कुटुंब चहाची पूड, साबण किंवा बिस्किटाचा पुडा घेते तेव्हा किमतीत दडलेला करही भरते. त्यामुळे त्याच्या मुलाच्या शिक्षणावर होणारा खर्च ‘इतरांच्या’ पैशातून होतो, हे अर्धेच खरे आहे.

फुल्यांची मागणी आधी संस्थानांत पुरी झाली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली तोच निर्णय घेतला, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्याआधी १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आधार द्यायला सुरुवात केली होती. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा आहे पण राहायला जागा नाही, ही अडचण त्यांनी ओळखली. वार लावून जेवण्याची जी सोय एका जातीपुरती होती, तिला त्यांनी सार्वजनिक रूप दिले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने १९१८ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा मिळाली.

स्वातंत्र्यानंतर हक्काची भाषा न्यायालयांतून पक्की होत गेली. पदपथावर राहणाऱ्यांच्या बाजूने लढल्या गेलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तरी रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान मिळाले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ते संविधानाच्या २१-अ कलमात लिहिले गेले, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला. त्याच्या १४ व्या कलमानुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. चौथ्या कलमाने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायला सांगितले, आणि नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली. सत्यकामाला निदान खरे बोलावे लागले होते. या कायद्यापुढे मुलाला काहीच सिद्ध करायचे नाही. पात्रतेचा विचार इथे प्रथमच पुरता मागे पडला.

कायद्याच्या आतच जुनी सवय शिल्लक आहे. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी घर आणि शाळा यांतले अंतर मोजले जाते आणि निवासाचा पुरावा मागितला जातो. ज्याचे घरच नाही त्याचे अंतर कुठून मोजणार? वंचितांसाठी केलेल्या तरतुदीतून सर्वांत वंचित मूल अशा रीतीने आपोआप बाहेर राहते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप कर्मसिद्धांताचा. प्रत्येकाची स्थिती हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ असेल तर त्यात ढवळाढवळ कशाला, असे म्हटले जाते. संयुक्त निकायातील सीवक सुत्तात या समजुतीला थेट उत्तर आहे. सगळे भोग पूर्वकर्मामुळेच येतात हे मत बुद्धाने नाकारले, आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी इतर कारणेही सांगितली. शिवाय कर्मसिद्धांत मानला तरी तो बघणाऱ्याला मोकळे सोडत नाही. समोरच्या मुलाचे कर्म काय होते हे कोणाला कळत नाही. आपण आत्ता काय करतो, हे मात्र आपल्याच खात्यात जमा होते.

दुसरा आक्षेप समानतेचा. पालिकेची शाळा सर्वांना खुली असताना काही मुलांवर जादा पैसा खर्च करणे हा इतरांवर अन्याय नव्हे काय? पंगतीचे उदाहरण इथे पुरेसे आहे. वाढपी प्रत्येकाच्या पानात सारखेच वाढतो. पण ज्याच्यापुढे पानच मांडलेले नाही, त्याला वाढायचे कशात? बेघर मुलावरचा जादा खर्च हा जादा वाढलेला घास नसून त्याचे पान मांडण्याचा खर्च आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. पुलाखाली शाळा दिली की पुलाखालचे राहणे पक्के होते, असे म्हणतात. मात्र कुटुंबे पदपथावर येतात ती कामाजवळ राहण्यासाठी, शाळेसाठी नव्हे. आक्षेपातले तथ्य वेगळे आहे. पुलाखालची शाळा हाच कायमचा उपाय मानला गेला, तर निवाऱ्याचे ऋण तसेच राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनी पाच लाखांहून मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा असे ठरवून दिले. निवारा आणि शाळा यांचे हिशेब एकत्र मांडल्याशिवाय या आक्षेपाला पुरे उत्तर मिळत नाही.

खर्चाचे रूप

ऋण मान्य केले की पैसा कुठे लावायचा हे ठरवता येते. एक मार्ग मुलाकडे शाळा नेण्याचा. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. ती सिग्नलवर विक्री करणाऱ्या मुलांसाठी आहे. आंघोळ, जेवण आणि अभ्यास तिथेच होतो, म्हणजे दिवसापुरते घर शाळेतच मिळते. दुसरा मार्ग मुलाला राहण्याच्या शाळेत नेण्याचा. समग्र शिक्षा योजनेत शहरांतील निराधार मुलांसाठी निवासी शाळांची तरतूद आहे. तिथे अंतेवासी ही कल्पना नव्या रूपात परत येते, पण आईबापांपासून तुटण्याची किंमत मुलाला द्यावी लागते. तिसरा मार्ग कुटुंबाच्या हाती पैसा देण्याचा. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून पात्र मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. मात्र अर्जात पत्ता, बँक खाते आणि दाखले लागतात.

अमेरिकेचा १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा चौथा मार्ग दाखवतो. त्याच्या आजच्या स्वरूपात बेघर मुलाला कागदपत्रांची वाट न पाहता लगेच प्रवेश मिळतो. कुटुंब दुसरीकडे हलले तरी मूल आपल्या मूळ शाळेत राहू शकते, त्यासाठी वाहनाची सोय केली जाते, आणि प्रत्येक शाळा जिल्ह्यात या मुलांसाठी जबाबदार व्यक्ती नेमलेली असते. जोगेश्वरीहून उठवलेले कुटुंब गोरेगावला गेले तर मुलाची शाळा बदलावी की मुलासाठी बस बदलावी, या प्रश्नाला त्या कायद्याने बसच्या बाजूने उत्तर दिले आहे.

हे चारही मार्ग एकमेकांना पूरक आहेत, आणि त्यांची परीक्षा एकाच कसोटीवर करता येते. मुलाने आपली लायकी, पत्ता किंवा दैन्य सिद्ध केल्यावर जी मदत मिळते ती दानाच्या जातीची. मूल समोर दिसताच ज्या मदतीची जबाबदारी देणाऱ्यावर पडते ती ऋणफेडीची. या कसोटीवर पाहिले तर वयाचा दाखला न मागणारे कलम ऋणाच्या बाजूला उभे राहते, आणि निवासाचा पुरावा मागणारा अर्ज दानाच्या. कायद्याने ऋण मान्य केले आहे; अर्जाचा नमुना अजून दानाच्या भाषेत लिहिलेला आहे.